काट्यावरच्या बाबूंच्या पोरीचा डबा

ही गोष्ट मी सांगणार आणि तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आजवर कोणीच ठेवलेला नाही. हिंगणघाटच्या एका वकिलाला सांगितली, तर तो अर्धा चहा टाकून उठून गेला. आणि फुकटचा चहा टाकणारा वकील ही या गोष्टीहून अविश्वसनीय गोष्ट आहे. तुम्ही नागपूरचे पाहुणे, तुम्हाला मात्र उठता येणार नाही. कणसं आत्ताच आगटीत टाकली आहेत, आणि हुरडा सोडून उठलेला माणूस मी अजून पाहिला नाही. तेव्हा ती जवसाची चटणी इकडे सरकवा, आणि ऐका.

प्रभाकरराव म्हणजे आमच्या जिनमधले, कापसाची सरकी काढतात त्या कारखान्यातले, वजनकाट्यावरचे बाबू. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, काट्यावर आली की ते कोटाची बाही वर करायचे, हात खांद्यापर्यंत कापसात खुपसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "खाली कवडी आहे." कवडी म्हणजे किडका, पिवळा, बोंडातच सडून वाळलेला कापूस. वरून पांढराशुभ्र माल पसरायचा आणि पोटात कवडी भरायची, ही कला आमच्या भागात बापाकडून मुलाकडे येते. पण बाबूंच्या हातापुढे ती चालत नसे. वेळा गावच्या श्रावणनं एकदा कवडी अशी बेमालूम दडवली होती की त्याची त्यालाच सापडेना. बाबूंनी बंडीजवळ न जाता, नुसता बैलांचा चेहरा बघून सांगितलं, "उजव्या चाकाच्या वर, हातभर खोल." निघाली तिथेच. श्रावण भर जिनमध्ये म्हणाला, "बाबू, एक दिवस तुमच्या मालात हात घालाची पाळी माह्यावर येवो." लोक हसले. बाबूही हसले.

तर अशा माणसाच्या घरात सहा वर्षांची कमल आजारी पडली.

आजार कसला, ते वर्षभर कोणालाच कळलं नाही. पोट मडक्यासारखं पुढे, हातपाय काड्यांसारखे, आणि खाल्लेलं अंगी लागायच्या आत बाहेर. कोणी जंत म्हणालं, कोणी नजर म्हणालं. एका डॉक्टरनं नुसती केळी खायला सांगितली. घरात सेलूच्या केळ्यांचे घड टांगले गेले आणि पोरगी खरोखरच सुधारली! त्या आनंदात बाबूंनी सत्यनारायण घातला आणि प्रसादाचा शिरा पहिल्यांदा तिच्याच हातावर ठेवला. तिसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा खाटेवर. देवाच्या प्रसादानं माणूस पडतं हे सांगायचं कोणाला? रोज सकाळी बाबू तिच्या खाटेशी बसत आणि अंगठा नि मधलं बोट जुळवून तिच्या मनगटाभोवती कडं करत. बोटं जुळत. जुळून एकमेकांवर चढत. मग ते हात खिशात घालून कामावर जात, आणि दिवसभर त्या खिशातल्या बोटांना जणू थंडी वाजत असे.

शेवटी नागपूरला एक विलायतेहून नवा शिकून आलेला डॉक्टर भेटला. त्यानं पोरीचं पोट दाबलं, डोळे पाहिले आणि सांगितलं, "हिला गहू चालत नाही. सिलिॲक म्हणतात याला."

"गहू पचत नाही?" बाबूंनी विचारलं.

"पचत नाही असं नाही. विष आहे तिला. पोळी नाही, रवा नाही, शेवया नाहीत. दुसऱ्या पिठात चिमूटभर मिसळलेला सुद्धा नाही. ज्वारी, तांदूळ, डाळी, सगळं खाऊ द्या. पण पोरीच्या अंगात आता काही उरलेलं नाही. असे आणखी एक-दोन झटके आले, तर मी काही सांगू शकत नाही."

पाहुण्यांनो, बाबू तिथे हसले. भीतीनं नाही, सुटल्यासारखे. ज्वारीच्या मुलुखात राहायचं आणि ज्वारीच खायची, यात अवघड ते काय? परतीच्या गाडीत सिंदी स्टेशन येईपर्यंत त्यांना वाटत होतं, आपण सुटलो.

घरी आल्या दिवशी विमलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घरातला सगळा गहू वाटून टाकला. पाहुणेरावळ्यांपुरता एक लहानसा डबा तेवढा माळ्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी कमलच्या शाळेच्या डब्यात भाकर आणि तुरीचं वरण गेलं. आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या शकुबाई कुंपणावरून वाकल्या.

"काऊन वं विमल, पोरीच्या डब्यात भाकर काऊन?"

"डॉक्टरनं सांगितलं, शकुबाई. तिले गहू सोसत नाई."

"गहू सोसत नाई?" शकुबाईंनी पदर तोंडाला लावला. "अवं माय! गहू मिळत नाई असं आयकलं होतं. गहू सोसत नाई, हे नवीनच हाय."

झालं. तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला याची गंमत कळायची नाही. आमच्याकडे नोकरदाराच्या घरी पोळी आणि मजुराच्या घरी भाकर, ही रेघ शेताच्या बांधापेक्षा, धुऱ्यापेक्षा पक्की. बाबूच्या पोरीच्या डब्यात भाकर दिसली याचा अर्थ बाबूची नोकरी गेली. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली होती. दिवेलागणीला त्यांनी कापसात हात मारला होता. आणि जेवणं व्हायच्या आत मालकानं त्यांना पोलिसांत दिलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबू कामावर आले तेव्हा पहारेकरी त्यांना हात लावून पाहत होता.

त्याहून वाईट म्हणजे लोकांची दया. शेजारून पोळ्या येऊ लागल्या. ताटावर रुमाल झाकून, आवाज न करता, सुतकाच्या घरी देतात तशा. नत्थूजी मास्तर तर म्हणाले, "बाबू, संकट कोणावर येत नाई? आमच्या घरून रोज चार पोळ्या पोरीले. शब्द नाई बोलाचा." बाबू डॉक्टरचं सगळं सांगत बसले. नत्थूजींनी शेवटपर्यंत ऐकलं, त्यांचा खांदा थोपटला आणि म्हणाले, "इंग्रजी नाव चांगलं शोधलं."

त्या रात्री जेवताना बाबू बायकोला एवढंच म्हणाले, "दळायला ज्वारी नेतेस ना, ती झाकून नेत जा. चारचौघांना दिसायला नको."

"बरं," विमलाबाई म्हणाल्या.

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी पुन्हा सांगणार नाही.

एवढं करून पोरगी सुधारेना. बाबूंनी तिला खोदून विचारलं, "कमू, डब्यातलं तूच खातेस ना? दुसऱ्या कोणाचं खात नाहीस ना?"

"दुसऱ्या कोणाचं म्हणजे? आम्ही सगळ्या परातीतलं खातो," कमल म्हणाली.

"कसली परात?"

कमल म्हणाली, "आमच्या शाळेची."

ती परात काय, ते सांगतो. शाळेच्या मोठ्या बाई आनंदाबाई. सेवाग्रामला शिकून आलेल्या, स्वतः कातलेल्या सुताची साडी नेसणाऱ्या, आणि एकदा ठरवलं की दिल्लीहून तार आली तरी न बदलणाऱ्या. आदल्याच वर्षी नागपूरला दीक्षा झाली होती. गावातले कितीतरी लोक बौद्ध होऊन आले होते. काही शहाण्या आयांनी आपल्या मुलींना डबा घेऊन वेगळ्या रांगेत बसायला सांगितलं. आनंदाबाईंनी भांडण केलं नाही. त्यांनी एक मोठी पितळी परात आणली, मधल्या सुट्टीत सगळ्या पोरींचे डबे त्यात ओतले, स्वतःच्या हातानं कालवले आणि म्हणाल्या, "आता ओळखा कोणाचं कुठलं." त्या दिवसापासून तीच शाळेची रीत झाली. फार मोठं काम होतं ते. मी आजही त्यांना नमस्कार करतो.

पण त्या परातीत पोळ्या होत्या.

सकाळी बाबूंनी पोरीला परातीला हात लावू नको म्हणून बजावलं, पण दुपारी काट्यावर भरवसा वाटेना, आणि ते जिन सोडून धावत सुटले. शाळेत पोचले तेव्हा मधली सुट्टी झाली होती, परात भरली होती, भोवती पोरी बसल्या होत्या आणि नेमके त्याच दिवशी वर्ध्याहून शाळा तपासायला साहेब आले होते. आनंदाबाई त्यांना परात दाखवत होत्या. कमलचा घास तोंडाशी गेला होता. बाबूंना काही सुचलं नाही. पंधरा वर्षांची सवय त्यांच्या अंगात होती, तीच कामी आली. त्यांनी बाही वर केली, हात कोपरापर्यंत परातीत खुपसला, डोळे मिटले आणि ओरडले, "भेसळ आहे! कोणी खाऊ नका!"

बाबूंच्या कोपरावरून वांग्याचा रस्सा ओघळत होता.

"प्रभाकरराव," आनंदाबाई इतक्या हळू बोलल्या की पोरी रडायला लागल्या, "कशाची भेसळ?"

"बाई, माझ्या पोरीला या परातीतलं चालत नाही. तिला वेगळं बसवा."

आणि बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. वेगळं बसवा! त्या शाळेत, त्या परातीसमोर, साहेबांसमोर! साहेबांनी लगेच लिहायला घेतलं. बाबू म्हणाले, तसं नाही, गहू; साहेब म्हणाले, तपशील वरिष्ठांकडे.

संध्याकाळी गुलाब घरी आला. गुलाब म्हणजे जिनमध्ये कापसाच्या गठाणी बांधणारा, कमलच्या वर्गातल्या जयवंता नावाच्या पोरीचा बाप. आदल्या वर्षी दीक्षा घेऊन आलेला. आत या म्हटलं तरी आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"बाबू, आठ साल झाले आपण संग काम करून राह्यलो. तुम्ही खादी घालता. कार्यक्रमात आमच्या संग बसता. अन् आमच्या पोरीच्या हातचं तुमच्या पोरीले चालत नाई?"

"गुलाब, ऐक तर! तुझ्या पोरीचंच चालतं! बाकीच्यांचं चालत नाही!"

"म्हंजे काय म्हंता?"

"जयवंताच्या डब्यात काय असतं?"

गुलाबचा चेहरा आणखी कठीण झाला. "काय असन? भाकर. मिरचीचा ठेचा. आमच्याकडं काय पुरणपोळी असन?"

"पोळी कधी असते?"

"तुम्ही थट्टा करून राह्यले का बाबू?"

तेव्हा बाबूंनी त्याचा हात धरला आणि ओढत आत नेलं. खाटेवर कमल निजली होती. बाबूंनी अंगठा नि बोट जुळवून तिच्या मनगटाभोवती कडं केलं आणि गुलाबला दाखवलं. गुलाबनं पाहिलं. पोरीचा बाप होता तो. खाली बसला आणि म्हणाला, "सांगा मले. पुरं सांगा."

पूर्ण गावात ज्यानं पहिल्यांदा विश्वास ठेवला तो हा माणूस.

आनंदाबाई मात्र दाखल्याशिवाय ऐकायला तयार नव्हत्या. डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत, आणि खाजगी डॉक्टरची. सरकारी शिक्का हवा. बाबू एका कचेरीत गेले. आता त्याच सुमारास आपला जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला होता, त्यामुळे कुठला कागद कुठल्या राज्यात आहे हे कारकुनांनाही ठाऊक नव्हतं. तिथला कारकून भला होता. त्यानं पुठ्ठ्यावर चिकटवलेली यादी काढली. "तुमचा रोग यात नाही, बाबूजी. देवी आहे, पटकी आहे, प्लेग आहे. यातला जो आवडेल तो सांगा, लगेच शिक्का मारतो."

"प्लेग लिहिलात तर शाळा बंद होईल," बाबू म्हणाले.

"मग परातीचा प्रश्नच सुटला की."

बाबू परत आले. दाखला मिळाला नाही. पण गुलाब स्वतः आनंदाबाईंकडे गेला. तो काय बोलला ते दोघांनीही कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आनंदाबाईंनी परातीशेजारी एक लहान ताटली मांडली. त्या ताटलीत फक्त दोन डबे ओतायचे: कमलचा आणि जयवंताचा. ज्वारीची ताटली. कोणी वेगळं बसलं नाही, आणि गव्हाचा कणही मध्ये आला नाही.

तर पोरींचं कसं असतं, दुसऱ्याच्या डब्यातलं गोड लागतं. जयवंता कमलच्या घरची भाकर खायची, कमल जयवंताच्या घरची. जयवंता घरी सांगायची, "कमलच्या आईची भाकर लई मऊ राह्यते. चिरतच नाई." विमलाबाईंनाही त्याचा अभिमान होता. ज्वारी तीच, हात तोच, पण आताशा भाकर थापताना कडा कशी फाटत नाही म्हणून. हेही ध्यानात ठेवा.

मग काय झालं म्हणता? दुसऱ्या बाजूनं आग लागली. शकुबाई कुंपणावर. "आयकलं का? काट्याच्या बाबूची पोर गुलाबच्या पोरीच्या ताटलीत जेवते म्हंते! एकाच!" ज्यांनी आठवड्यापूर्वी बाबूंना शिवाशिव पाळणारे म्हणून शिव्या दिल्या होत्या, तेच आता बाबू बाटले म्हणत. एकाच माणसाला एकाच महिन्यात दोन्हीकडून वाळीत टाकलेलं मी तेवढंच पाहिलं. बाबूंच्या मामेभावानं लग्नाची पत्रिका परत मागायला माणूस पाठवला. बाबूंनी ती देऊन टाकली. कारण सकाळी कमलच्या मनगटाभोवतीची बोटं जुळत होती, पण एकमेकांवर चढत नव्हती.

मग दिवाळीची सुट्टी लागली.

फराळात गव्हाचं काही नव्हतं. चिवडा, बेसनाचे लाडू, तांदळाच्या पिठीच्या करंज्या. बाबू स्वतः दारात बसून येणाऱ्या प्रत्येक ताटाला परत पाठवत होते. एरवी कमल घरी रात्री भातच खायची. सुट्टीत मात्र शाळा नाही म्हणून सकाळचीही जेवणं घरी. आईच्या हातची गरम, मऊ भाकर, रोज.

भाऊबीजेला पोरगी कोसळली.

आता हसायचं नाही थोडा वेळ. तिच्या पोटात पाणी ठरेना. डोळे आत गेले. हाक मारली की उशिरानं बघायची, जणू हाक नदीपलीकडून आली आहे. विमलाबाई देवासमोर बसल्या त्या उठल्या नाहीत. बाबूंनी मनगटाभोवती कडं करायचं सोडून दिलं. हिंमतच होईना. डॉक्टरचं ते वाक्य, "मी काही सांगू शकत नाही," घरभर फिरत होतं. माळ्यावर उंदीर खडखडला तरी बाबूंना वाटे, तेच आलं.

पण काट्यावरचा माणूस. भीतीनं अर्धा मेला तरी त्याचं डोकं हिशेब मांडतं. शाळा होती, पोरगी बरी होती. शाळा बंद झाली, पोरगी पडली. जयवंताची भाकर बंद झाली, पोरगी पडली. म्हणजे कवडी बाहेर नाही. कवडी घरात आहे.

त्यांनी भांडी घासायला लावली. मातीचा तवा फोडला. मसाल्याचे डबे उकिरड्यावर ओतले. हिंगाच्या डबीतही कणिक मिसळतात असं कोणी म्हणालं, तर हिंग फेकला आणि डबीही फेकली. पोरगी तशीच. तेवढ्यात विमलाबाई डोळे पुसत उठल्या आणि दळणाचा डबा घेऊन चक्कीवर निघाल्या. घरात पीठ संपलं होतं.

"थांब," बाबू म्हणाले.

डब्याचं झाकण काढलं. वर गहू होता. छान, पिवळसर, टपोरा गहू, काठोकाठ. बाबूंनी बाही वर केली. हात आत घातला, डोळे मिटले. चार बोटं खाली गहू संपला, ज्वारी लागली.

पाहुण्यांनो, पंधरा वर्षं ज्या हातानं गावोगावच्या बंड्या पकडल्या, तो हात स्वतःच्या घरच्या डब्यात होता.

"हे काय आहे, विमल?"

"तुम्हीच म्हणाले होते ना, झाकून नेत जा, चारचौघांले दिसाले नको. म्हणून वरून माळ्यावरच्या डब्यातला गहू घालते. तिथं गेल्यावर तो हातानं काढून घेते हो सगळा! कण राहू देत नाई." विमलाबाईंनी बाबूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "राह्यते का?"

बाबूंनी मूठभर ज्वारी तळापासून वर काढली. पांढऱ्या गोल दाण्यांत गव्हाचे चार-दोन लांबट दाणे पडले होते. आणि शकुबाई नि नत्थूजी दळायला जात ती चक्कीही तीच; त्यांचं गव्हाचं दळण उतरलं की चक्कीच्या त्याच दगडांत ही ज्वारी पडायची. म्हणून भाकर मऊ होत होती. म्हणून कडा फाटत नव्हती. पोरीला विष कोणी दिलं? शकुबाईंनी नाही. परातीनं नाही. "चारचौघांना दिसायला नको," या वाक्यानं दिलं.

इथे लोक सांगतात की बाबू त्या डब्यावर डोकं ठेवून रडले. साफ खोटं. प्रभाकरराव रडणाऱ्यातले नाहीत. त्यांच्या डोळ्यात पीठ गेलं. दळणाचं काम म्हटल्यावर पीठ उडणारच, त्यात काय.

मग ते उठले. डब्यातला माल सगळा गाईला घातला. कोठीतली कोरी ज्वारी टोपलीत घेतली. कोट चढवला, टोपी घातली, आणि टोपीवर चुंबळ, चुंबळीवर ती उघडी टोपली ठेवून काट्यावरचे बाबू भर बाजाराच्या दिवशी रस्त्यावर उतरले. झाकण नाही, फडकं नाही.

शकुबाई कुंपणावरून पडता पडता वाचल्या. "काय जी बाबू, डोक्शावर काय?"

"ज्वारी!" बाबू ओरडले. तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांना थांबताच येईना. "वर ज्वारी, खाली ज्वारी! आमच्या घरी ज्वारी खातात! ज्याला संशय आहे त्यानं हात घालून पाहावा!"

सगळा बाजार गोळा झाला. वांग्यांचे ढीग सोडून बाया आल्या. मालकाची मोटार अडकून पडली, मालकानं काच खाली करून पाहिलं आणि पुन्हा वर केली. आणि त्या गर्दीतून कोण पुढे आलं? वेळ्याचा श्रावण. त्यानं बाबूंना टोपली खाली ठेवायला लावली. सदऱ्याची बाही वर केली. हात कोपरापर्यंत ज्वारीत घातला, डोळे मिटले, तळापर्यंत चाचपलं. आता बाबूंना स्वतःच्या कोठीवरही भरवसा राहिला नव्हता.

"माल खरा हाय, बाबू," श्रावण म्हणाला. मग हात झटकत आवाज खाली आणला. "पोर कशी हाय?"

बाबू टोपली उचलायला वाकले. श्रावणनंच टोपली उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

चक्की आली, पण तिथे न थांबता बाबू सरळ पुढे गेले. गुलाबच्या घरी. गुलाबची आई धुरपता अंगणात जात्याशी बसली होती.

"माय, या जात्यावर कधी गहू दळला का?" बाबूंनी विचारलं.

धुरपतानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाबू, आमच्या जात्याले गव्हाची वळखच नाई. वळख असती तं आमीच नसतो का पोळ्या खाल्ल्या?" मग तिनं सरकून जागा केली. "आणा इकडं. अन् बसा समोर. खुट्याले हात लावा. नुसतं पाह्यल्यानं पीठ पडत नाई."

बाबू बसले. कोट घालून बसले. त्या दिवसापासून कमलचं पीठ त्या जात्यावर निघतं. भाकरी पहिल्यासारख्या चिरतात, कडा फाटतात, विमलाबाई म्हणतात फाटू द्या. पोरगी आठवडाभर खाटेवर होती, मग बसायला लागली, मग भांडायला लागली; आणि माघात एका सकाळी बाबूंनी भीत भीत मनगटाभोवती बोटं नेली, तर बोटं जुळेनात. मध्ये फट राहिली. ते पुन्हा पुन्हा जुळवून पाहत होते आणि पोरगी म्हणत होती, "बाबा, दुखते ना!"

मग? आता काय म्हणता, पाहुणे? पोरगी आता गहू खाते का? खाते म्हणजे! परवा हनुमान मंदिराच्या पंगतीत गव्हाचे सात रोडगे खाल्ले तिनं, आणि वर अर्धा शेर तूप. नागपूरच्या डॉक्टरनं तार केली, म्हणाला, विलायतेला कळवतो...

"खोटं!"

कोण बोललं ते? अच्छा. घ्या, तुम्हाला मी सांगितलंच नाही का? आगटीपलीकडे ती बसली आहे ना, तोंडाला काळं लावून, बापानं चोळून दिलेला हुरडा खात, तीच ती. आणि तिच्यामागे एकेक कणीस डोळ्यांजवळ नेऊन तपासून राहिलेत ते काट्यावरचे बाबू. बोल बाई कमल, काय खोटं?

"बापूजी, मी एक रोडगा सुदा नाई खाल्ला. जलमात नाई. अन् ते दुसरंही खोटं."

दुसरं कोणतं वं?

"बाबांच्या डोळ्यात पीठ गेलं म्हंता ते. मी खाटेवरून पाह्यत होती ना. डबा तं दळाले निंघाला होता. त्यात दाणे होते. पीठ कुठून आलं?"